कमलिनीबाईंचं स्वादुपिंड आणि जानव्यातली किल्ली

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये क्वार्टरला क्वार्टर चिकटलेलं. कोणाच्या कुकरला किती शिट्ट्या झाल्या हे शेजाऱ्याला न विचारता कळतं, मग भांडणांचं तर नावच काढू नका. त्यामुळे देवपुजारींच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप बसलं, ही बातमी नरहररावांनी शेवटचा स्क्रू पिळून हात धुवायच्या आत अख्ख्या लायनीत पोचली होती.

कपाटात काय? साखर, गूळ, काजू-बेदाणे आणि चिरोट्यांचा डबा. आणि किल्ली कुठे? तर नरहररावांच्या जानव्याला. आंघोळीला जाताना किल्ली अंगावर, जेवताना किल्ली अंगावर, बनियन घालून अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालताना ती पोटावर अशी डुलायची की लायनीतली पोरं तिला 'आजोबांची घंटा' म्हणायची. नरहररावांना नातवंडं नव्हती, पण पोट आजोबांचं होतं.

आता ज्यांच्यासाठी हे कुलूप, त्या कमलिनीबाईंकडे बघा. काडीसारख्या. लग्न होऊन अकोल्याहून भोपाळला आल्या तेव्हा जो ब्लाऊज अंगाला व्हायचा तो आजही होईल. दोघं स्कूटरवरून निघाली की मागून बघणाऱ्याला वाटे नरहरराव एकटेच चाललेत आणि मागे कोणीतरी पदर वाळत घातलाय. बाईंच्या हाताला चव अशी की मंडळाचे तिळाचे लाडू, गणपतीचे मोदक, कोणाच्या डोहाळजेवणाची पुरणपोळी, सगळं त्यांच्याकडे. आणि स्वतः? स्वतः त्या ठेचा-भाकरीवाल्या. लहानपणापासून गोडाचं वावडं नाही, पण ओढही नाही. पुरण वाटायचं, पोळ्या लाटायच्या, लोकांना आग्रह करकरून वाढायचं आणि मग आपण एका कोपऱ्यात बसून भाकरीबरोबर हिरवी मिरची कचाकचा चावायची. लायनीतल्या बायकांनी हे वर्षानुवर्षं पाहिलं होतं. नरहररावांनी कधी पाहिलं नव्हतं, कारण ते तोवर पोळी संपवून आडवे झालेले असत.

अशा बाईंना साखर निघाली. मधुमेह.

कारखान्याच्या दवाखान्यातून रिपोर्ट आला त्या दिवशी त्या रडल्या नाहीत. "बरं, गोळी घ्यायची ना? घेईन," म्हणाल्या. पण नरहररावांचं तसं नव्हतं. ते कारखान्यात क्वालिटीला. मोठमोठ्या पोलादी शाफ्टला एका बाजूने यंत्र टेकवून आवाज आत सोडायचा, तो परत कसा येतो ते पडद्यावर बघायचं, आणि मधेच कुठे टोक उठलं की समजायचं आत खोट आहे. मग तुकड्यावर लाल रंगाची फुली. माल नापास. उभी नोकरी ह्याच कामात गेली. त्यामुळे खोट दिसली की कोणीतरी चूक केलेली असणार, हे त्यांच्या रक्तातच होतं.

"बारीक माणसाला साखर होतेच कशी?" ते वासंतीबाईंच्या दारात उभं राहून विचारत. वासंतीबाई म्हणजे पलीकडच्या क्वार्टरमधल्या, कमलिनीबाईंच्या मैत्रीण. "खाल्ल्याशिवाय होते? दिवसभर हिचा हात गोडात. एक लाडू वळला की एक तोंडात. सरळ आहे."

"भाऊजी, तुमच्या पोटाकडे बघून तर वेगळंच सरळ वाटतं," वासंतीबाई म्हणाल्या.

"माझी साखर नॉर्मल आहे!" नरहररावांनी पोटावर थाप मारली. किल्ली खणखणली.

सकाळी उपाशीपोटी साखर तपासली आणि जास्त आली की ते म्हणत, "काय खाल्लंस?" बाई म्हणत, "काही नाही." ते म्हणत, "मग आकडा खोटा बोलतो?" आकडा खरा आणि बायको खोटी, असा त्या घरात न्याय झाला. पहिल्या महिन्यात बाईंनी समजावलं. दुसऱ्या महिन्यात भांडल्या. मग बोलायच्याच थांबल्या, आणि ज्यांनी तो स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज ऐकला आहे त्यांना सांगायला नको की त्या गप्पपणात केवढा राग होता. तव्यावर पोळी अशी आपटायची की पलीकडे वासंतीबाईंच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं.

तरीही हे सगळं घरातल्या घरात होतं. चव्हाट्यावर आलं ते संक्रांतीला.

टाउनशिपच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू. हॉल भरलेला, बायका काळ्या साड्यांत, पुरुष मागच्या खुर्च्यांवर कारखान्याच्या बढत्यांची चर्चा करत. लाडू अर्थातच कमलिनीबाईंचे. ते मात्र कुलूप उघडून, नरहररावांच्या देखरेखीखाली, तीळ-गूळ मोजून घेऊन झालेले. बाईंनी वाटण्यासाठी ताटातून एक लाडू उचलला, समोरच्या नव्या सुनेच्या हातावर ठेवणार, तेवढ्यात मागून नरहररावांनी मनगट पकडलं.

"हिच्या हातात ताट देऊ नका हो," ते मोठ्याने हसत म्हणाले. "चोरून खाते ही! आमच्याकडे कपाटाला कुलूप आहे!"

हॉल हसला. खोटं कशाला सांगायचं, हसला. वासंतीबाईसुद्धा हसल्या, आणि मग बाईंचा चेहरा बघून त्यांनी तोंडावर पदर धरला. कमलिनीबाईंनी मनगट सोडवून घेतलं, लाडू ताटात ठेवला आणि चपला घालून चालत घरी गेल्या. चोर. पुऱ्या टाउनशिपसमोर. ज्या हाताने ह्या सगळ्यांच्या लेकींची डोहाळजेवणं वाढली, तो हात चोराचा.

"मला माफी नकोय," दुसऱ्या दिवशी त्या वासंतीबाईंना म्हणाल्या. विळीवर मेथी चिरत होत्या, आणि मेथी कशाची, भुगा होत होता. "मला फक्त एवढंच हवंय की ह्या माणसाने जिथे म्हटलं तिथेच उभं राहून म्हणावं, मी खोटं बोललो. बस्स. त्याशिवाय मी ह्या मंडळासाठी तिळाचा दाणा भाजणार नाही."

"अगं, ते गमतीत बोलले."

"मग तूही गमतीत सांग सगळ्यांना, की तुझा नवरा चोर आहे. बघू कसं वाटतं."

वासंतीबाईंनी विषय बदलला.

उन्हाळ्यात बाईंच्या पोटात वरच्या बाजूला दुखायला लागलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून आणा म्हटलं. एम. पी. नगरमधल्या एका सेंटरला दोघं उपाशीपोटी सकाळी गेली. रिपोर्टमध्ये बाकी सगळं ठीक होतं. फक्त स्वादुपिंड, म्हणजे जठराच्या मागे आडवं पडलेलं ते अंग, जिथे इन्शुलिन तयार होतं, ते गॅसमुळे पूर्ण दिसलं नाही. जेवढं दिसलं तेवढं नेहमीपेक्षा उजळ दिसलं, चरबी असू शकेल, असा शेरा.

नरहररावांनी तो कागद स्कूटरच्या सीटवर पसरून तिथेच, रस्त्यावर, वाचला.

"गॅस! उपाशीपोटी गॅस कुठून आला? येताना काय खाल्लंस?"

"काही नाही."

"आणि हे बघ, उजळ! उजळ म्हणजे आवाज परत आला. म्हणजे आत खोट. आमच्याकडे असा तुकडा आला असता ना, तर सरळ लाल फुली!"

"मग मारा फुली," बाई म्हणाल्या. एवढ्या मोठ्याने, की शेजारच्या कोचिंग क्लासच्या पायरीवर बसलेली पोरं वह्या सोडून बघायला लागली. "इथे मारा, कपाळावर! आणि टाका भंगारात! तुकडा आहे ना मी? कारखान्यातून आणला होतात ना मला?"

त्या स्कूटरवर बसल्या नाहीत. मिनीबस पकडून एकट्या घरी आल्या. नरहरराव मागून स्कूटरने आले, आणि आनंद नगरपर्यंत बसच्या खिडकीकडे बघत गाडी चालवत होते म्हणे, पण खिडकीतून एकदाही कोणी वळून पाहिलं नाही.

दुखणं गोळ्यांनी गेलं. पण साखर काही आटोक्यात येईना, म्हणून दवाखान्याने शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे डॉक्टर निकहत नावाच्या बाई होत्या, अस्सल भोपाळी, बोलणं गोड आणि नजर धारदार. बारीक अंगाच्या लोकांना मधुमेह का होतो, ह्यावर त्यांचं काम चाललेलं. कमलिनीबाईंना बघून त्या म्हणाल्या, "आप जैसे ही लोग ढूँढ रही हूँ मैं, आंटी."

नरहररावांनी लगेच रिपोर्ट पुढे केला. "मॅडम, ये देखिए, गॅस. मतलब इन्होंने खाया था."

"जी नहीं," डॉक्टर निकहत म्हणाल्या. "गॅस तो हवा है, अंकल. आदमी बोलते-बोलते भी निगल लेता है. पैंक्रियाज़ पेट के पीछे छुपा रहता है, हवा बीच में आ जाए तो आवाज़ उस पार जाती ही नहीं. आधे लोगों में यही रोना है."

कमलिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नरहररावांनी छताकडे.

पण गडी हरणारा नव्हता. "और ये जो चमक रहा है?"

मग डॉक्टरांनी समजावलं, आणि नरहररावांचा एकेक मुद्दा पडत गेला. सोनोग्राफीत स्वादुपिंडाचा उजळपणा शेजारच्या अवयवांशी ताडून बघतात, यकृताशी, मूत्रपिंडाशी. यकृतातच चरबी असली तर तुलना फसते, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यावरही बरंच असतं. पोलादात मधूनच आवाज परतला म्हणजे तडा. शरीरात उजळ म्हणजे फक्त आवाज जास्त परतला, खोट नव्हे. सीटी स्कॅनमध्ये उलटं, तिथे चरबी काळपट दिसते आणि ती प्लीहेशी ताडतात. पण क्ष-किरणांचा मारा बसतो, नुसत्या शंकेपायी तो कोणी करत नाही. एमआरआयचं वेगळं. चुंबकात पाणी आणि चरबी वेगवेगळ्या लयीत थरथरतात, ती लय वेगळी करून शंभर भागांत चरबी किती हा आकडाच निघतो. स्वादुपिंडाच्या डोक्याशी, मधे, शेपटीशी, तिन्ही ठिकाणी. फक्त मोजायच्या जागेभोवती पडद्यावर गोल आखताना कडेची चरबी आत येऊ द्यायची नाही, आणि श्वास रोखून धरायचा, कारण हे अंग श्वासाबरोबर हलतं.

"पर रेफरन्स पीस?" नरहररावांचे डोळे चमकले. हा त्यांचा प्रांत. "अच्छा तुकडा कौन-सा है, जिससे मिलाओगे?"

"आप बन जाइए," डॉक्टर निकहत हसल्या. "एक ही घर, एक ही खाना, और शक्कर नॉर्मल. हमें ऐसे लोग भी चाहिए."

नरहरराव खुर्चीतल्या खुर्चीत दोन इंच फुगले. "मी? हो, हो. मी तर बिनडागी."

कमलिनीबाईंनी होकार दिला तो वेगळ्याच कारणासाठी. यंत्रात घालून बघाच म्हणावं. चोरून खाल्लेलं आत असेल तर दिसेल, नसेल तर नाही दिसणार. मग हा आकडा तरी ह्या माणसाला मान्य करावा लागेल.

ठरलेल्या दिवशी दोघं गेली, सोबतीला वासंतीबाई. आधी बाईंचा नंबर. मंगळसूत्र, बांगड्या, कानातली फुलं, सगळं काढून नवऱ्याच्या हातात दिलं. आतल्या नळकांड्यात आडवं पडल्यावर दणादण आवाज सुरू झाले आणि कानातून सूचना आली, साँस रोकिए. बाईंनी श्वास रोखला. गेलं वर्षभर दुसरं करत काय होत्या त्या? नंतर टेक्निशियन म्हणाला, "आंटी, इतनी देर तो जवान लड़के नहीं रोक पाते."

मग नरहररावांचा नंबर. शर्ट काढला, घड्याळ काढलं, आणि टेक्निशियनने पोटाकडे बोट दाखवलं. "ये क्या लटक रहा है, अंकल? लोहा अंदर नहीं जाएगा."

"ये किल्ली है. मेरे पास ही रहती है."

"मॅग्नेट खींच लेगा. आपको भी साथ में."

नरहररावांनी इकडेतिकडे पाहिलं. ठेवायला तिथे एकच जागा होती. जानव्याची गाठ सोडली, आणि शेवटी ती किल्ली कमलिनीबाईंच्या तळहातावर आली. अजून कोमट होती. ते आत गेले.

बाई बाकावर बसून राहिल्या, मूठ आवळून. शेजारी बसलेल्या वासंतीबाई कुजबुजल्या, "घाल पर्समध्ये! सांग हरवली!"

"म्हणजे खरंच चोर होऊ?" बाई म्हणाल्या.

नरहरराव बाहेर आले, जानवं सारखं केलं आणि हात पुढे केला. बाईंनी किल्ली त्या हातावर ठेवली. ठेवली कसली, आपटली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर निकहतनी पडद्यावर दोघांची चित्रं शेजारीशेजारी लावली. कमलिनीबाईंच्या स्वादुपिंडात शंभरात नऊ भाग चरबी, हवी त्यापेक्षा जास्तच. अंगावर मांस नाही आणि आत चरबी. नरहरराव पुढे झुकले. "बघितलंस? सांगत होतो मी—"

"और अंकल, आपका सत्रह."

नरहररावांनी पडद्यावरचा आकडा दोनदा वाचला.

"कॅलिब्रेशन चुकलंय," नरहरराव म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना बाटल्यांची रांग दाखवली. पाणी आणि तेल ठरलेल्या प्रमाणात घातलेलं, त्याच यंत्रातून तपासलेलं. प्रत्येक बाटलीचा आकडा जसाच्या तसा. ही भाषा नरहररावांना कळत होती. बिनडागी तुकडा खुर्चीत खचला.

पण कमलिनीबाई हसल्या नाहीत. त्यांचं त्या सतराकडे लक्षच नव्हतं. "डॉक्टर साहिबा, इससे पता चला ना, कि मैंने चोरी से मीठा नहीं खाया?"

डॉक्टर निकहतनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "नहीं, आंटी. झूठ नहीं बोलूँगी. ये मशीन चर्बी गिनती है, निवाले नहीं. चर्बी दुबले आदमी में भी होती है, क्यों होती है, पूरा मालूम नहीं. आपकी शक्कर इसी से हुई, ये भी मैं आज दावे से नहीं कह सकती. यही तो ढूँढ रहे हैं." मग नरहररावांकडे वळून म्हणाल्या, "और आप वज़न घटाइए."

बाहेर आल्यावर बाईंचं डोकं असं भडकलेलं की उन्हाची गरज नव्हती. यंत्रावर नव्हे, डॉक्टरवर नव्हे. स्वतःवर. आपण यंत्राकडे पुरावा मागायला गेलोच कशाला? तीस वर्षं एका ताटासमोर बसलेल्या माणसाला आपल्या तोंडचा शब्द पुरत नाही, आणि आपण त्याला आपलं पोट चिरून दाखवायला निघालो!

स्कूटरजवळ नरहररावांनी जानव्यातून किल्ली सोडवली. आवाज नरमलेला. "घे बाई. आता माझंच सतरा आहे म्हटल्यावर..."

"ठेवा तुमच्याजवळच."

"अगं, यंत्रानेच दाखवलं ना आता—"

"यंत्राने काही दाखवलं नाही! डॉक्टर मराठीत बोलायला हवी होती का? तुमचं सतरा म्हणून मी खरी, आणि तुमचं पाच आलं असतं तर मी चोर? मला किल्ली नकोय. हॉलमध्ये बोललात ना? हॉलमध्येच बोला."

नरहरराव बोलले नाहीत. उन्हाळा गेला, दिवाळी गेली. कपाटाचं कुलूप नरहररावांनी काढून टाकलं होतं, पण बाई त्याला हात लावत नव्हत्या. चहाची साखर नरहररावांनी स्वतः काढायची, स्वतः ढवळायची. आणि संक्रांत जवळ आली तशी मंडळाची धांदल उडाली. अध्यक्ष येऊन गेले, सेक्रेटरी येऊन गेले. बाई सगळ्यांना चहा देत आणि एकच वाक्य सांगत, "ह्यांना विचारा." मग सगळे ह्यांना विचारत, आणि हे दवाखान्यातल्या वजनकाट्याचं कारण काढून चालायला निघून जात.

शेवटी मंडळाने लाडू बाजारातून आणले. लाडू कसले, बेअरिंगमधले छर्रे. पहिल्याच घासाला एका निवृत्त फोरमनसाहेबांची कवळी बोलली. हॉलमध्ये कुरबुर सुरू झाली आणि सगळ्यांच्या माना नरहररावांकडे वळल्या. कमलिनीबाई बायकांच्या रांगेत ताठ बसल्या होत्या, काळ्या साडीत.

नरहरराव उठले. माईक घेतला. घसा साफ केला.

"मंडळी, सोनोग्राफीत गॅसचा अडथळा येतो. त्यामुळे स्वादुपिंडाचं निदान... सीटीमध्ये प्लीहेशी तुलना करतात, पण एमआरआयमध्ये जे चरबीचं प्रमाण मिळतं, ते—"

"अहो," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. आवाज चढवला नाही. गरज नव्हती. "यंत्रं सोडा."

मागे बढत्यांची चर्चासुद्धा थांबली.

नरहररावांनी माईक खाली घेतला, परत वर घेतला. सतराचा माणूस त्या वेळी शून्याचा दिसत होता. "गेल्या संक्रांतीला मी इथे म्हटलं होतं, की ही चोरून खाते. ते मी पाहिलं नव्हतं. तिने कधीच खाल्लं नाही. ती सांगत होती आणि मी... मी खोटं बोललो." मग काय करावं न कळून त्यांनी ताटातला एक लाडू उचलला आणि रांगेपर्यंत चालत जाऊन बायकोपुढे धरला.

वासंतीबाईंनी पदर डोळ्याला लावला. सगळ्यांना वाटलं, झालं, मिटलं, आता टाळ्या.

कमलिनीबाईंनी लाडू घेतला. सगळ्यांना दिसेल असा हातावर धरला. मग उठल्या, ताटापर्यंत गेल्या आणि तो होता तिथे परत ठेवला.

"मला साखर आहे," त्या म्हणाल्या. "मला हे गेल्या वर्षीही माहीत होतं. कुलपाशिवाय."